सतरंजीची लाट

दिवाळीची साफसफाई हा आमच्या घरात माझ्या परीक्षेचा काळ असतो. एरवी वर्षभर मी मराठीचा प्राध्यापक असतो. त्या आठवड्यात मात्र मी केवळ उंचीमुळे उपयोगी पडणारा एक गडी असतो. माळ्यावरचे डबे उतरवणे, पंख्याची पाती पुसणे आणि सगळ्यांत शेवटी गच्चीवर सतरंज्या झटकणे, एवढी माझ्या विद्वत्तेची धाव. "अहो, तुमचं टोक नीट धरा. मागच्या वर्षी सोडून दिलंत!" असा दम मिळतो, आमची सौभाग्यवती पलीकडचे टोक उचलते आणि झटकन खाली आणते. तिच्या हातून सुटलेली एक फुगीर घडी सतरंजीभर पळत माझ्यापर्यंत येते, बोटांना हिसका देते आणि नाहीशी होते. मागे राहते ती बोईसरची धूळ.

हा हिसका बसला की मला एका इंग्रज पाद्र्याची आठवण होते. दिवाळीची सतरंजी आणि इंग्रज पाद्री यांचा संबंध काय, असे कोणीही विचारील. मलाही तो संबंध ठाऊक नव्हता. तो कळायला आमच्या जिल्ह्याची जमीन हलावी लागली, आणि मला माझ्या एका विद्यार्थिनीसमोर खाली मान घालावी लागली.

नोव्हेंबर २०१८पासून पालघर जिल्ह्याच्या उत्तर भागात, डहाणू आणि तलासरी तालुक्यांत, भूकंपाचे धक्के बसू लागले. एखादा धक्का बसला आणि थांबला, असे ते प्रकरण नव्हते. दिवसा, रात्री, पहाटे, केव्हाही; कधी नुसता गुरगुराट, तर कधी भिंतींना तडे. धुंदलवाडी हे नाव त्यापूर्वी आम्हां बोईसरकरांनी क्वचितच ऐकले असेल. ते रोज वर्तमानपत्रांत दिसू लागले. १ फेब्रुवारी २०१९ रोजी तर दिवसभरात एकामागून एक धक्के बसले, त्यांतला मोठा ४.१ तीव्रतेचा होता. त्या दिवशीच्या पळापळीत एक दोन वर्षांची पोर दगावली. लोक घराबाहेर तंबूंत झोपू लागले. शास्त्रज्ञ आले, त्यांनी भूकंपमापक यंत्रे मांडली.

बोईसरला आम्ही तसे हादऱ्यांना सरावलेले. इथे कारखाने दाटीवाटीने उभे आहेत; खिडकीची तावदाने वाजली की पहिला प्रश्न येतो, "कुठल्या कंपनीत उडालं?" त्यातून पलीकडे तारापूरचे अणुवीजकेंद्र. १९६९मध्ये सुरू झालेले, देशातले पहिले. त्यामुळे मोठा धक्का जाणवला त्या दिवशी आमच्या इमारतीच्या जिन्यात तिन्ही शंका एकदम उभ्या होत्या: कारखाना, अणुकेंद्र, की भूकंप? भूकंपच, असे कळल्यावर शेजारच्या आजोबांनी हुश्श केले. माणूस कशाने सुटकेचा निःश्वास टाकील, याचा नेम नाही!

त्याच सुमारास मी वर्गात निबंध दिला होता: 'मी अनुभवलेला एक प्रसंग'. अर्ध्या वर्गाने भूकंपच लिहिला. पालघर शहरातल्या एका मुलाने फार झोकात लिहिले होते. धरणीमाता कोपली होती, काळाने विक्राळ जबडा वासला होता, आकाशही अश्रू ढाळीत होते. त्याला मी दहापैकी आठ गुण दिले. आणि धुंदलवाडीकडून रोज दोन वाहने बदलून येणाऱ्या एका मुलीने एकच पान लिहिले होते. त्यातला मजकूर असा काहीसा होता: आधी आवाज येतो, लांब सुरुंग लावल्यासारखा. तो उगवतीकडून येतो. मग मडक्यातले पाणी हलते, मग कौले वाजतात. मोठा असला तर गुरे आधी उठतात. परवा रात्री तीन वेळा आला. पहिला निजानीज झाल्यावर, दुसरा मध्यरात्री, तिसरा कोंबडा आरवायच्या आधी. आजी प्रत्येक वेळी मेढीवर कोळशाने रेघ ओढते. लहानाला लहान, मोठ्याला मोठी.

त्याखाली मी लाल शाईने लिहिले: "नुसती नोंद. भावना कोठे आहे? भाषा अलंकारहीन." गुण, दहापैकी चार.

वही घेताना ती काही बोलली नाही. बाकावर जाऊन बसली आणि शेरा वाचून तिने वही मिटली. माझ्या मनात काही आले नाही. पुढचा धडा सुरू झाला.

आता माझ्या पाद्र्याकडे वळतो. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे माझे एक स्नेही डहाणूहून लोकलने येतात; मी बोईसरला त्यांच्या डब्यात चढतो. बोईसर, उमरोळी, पालघर, एवढ्या प्रवासात आमचे साहित्य आणि विज्ञान यांचे भांडण रोज नव्याने सुरू होते आणि स्टेशन आले म्हणून अर्धवट सुटते. एक दिवस ते म्हणाले, "भूकंप ही लाट आहे, हे नीटपणे सांगणारा माणूस कोण होता ठाऊक आहे? इंग्लंडातला एक पाद्री."

मी तयारच होतो. "इंग्रज पाद्री आम्हांलाही ठाऊक आहेत. फादर स्टीफन्स! इंग्लंडात जन्मला, १५७९मध्ये गोव्याला आला, आणि १६१६मध्ये त्याचे ख्रिस्तपुराण छापून निघाले. मराठी ओवीत!"

"तुमचा पाद्री शब्दांचा होता, माझा दगडांचा," स्नेही म्हणाले. "जॉन मिचेल. वाचून पाहा."

आव्हान दिले की मास्तर वाचतो. मी मिचेलच्या मागे लागलो.

जॉन मिचेल १७२४मध्ये नॉटिंगहॅमशरमधल्या ईकरिंग या खेड्यात जन्मला. वडीलही धर्मोपदेशकच. केंब्रिजच्या क्वीन्स कॉलेजात शिकला आणि तेथेच शिकवू लागला. गणित आणि भूमिती तर तो शिकवीच, पण ग्रीक आणि हिब्रूही शिकवी. हे वाचून मला फार बरे वाटले. म्हणजे हा गृहस्थ आमच्याही जातीचा होता; व्याकरणाच्या वह्या तपासून याचीही बोटे शाईने माखली असतील! १७५०मध्ये त्याने कृत्रिम चुंबक कसे करावेत यावर एक लहानसे पुस्तक लिहिले. चुंबकाचे बळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटत जाते, हेही त्यात सांगून टाकले.

मग १ नोव्हेंबर १७५५ हा दिवस उजाडला. पोर्तुगालची राजधानी लिस्बन. सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, माणसांनी भरलेली देवळे. त्या वेळी जमीन हलली. पाठोपाठ समुद्र शहरात शिरला, आणि उरलेसुरले आगीने नेले. हजारो माणसे मेली. सणाच्या दिवशी, प्रार्थनेला बसलेल्या माणसांवरच छत कोसळावे, हा घाव युरोपच्या मनाला फार खोल लागला. गावोगावच्या व्यासपीठांवरून एकच अर्थ सांगितला जाऊ लागला: हा देवाचा कोप, पापांची शिक्षा.

अर्थात हे बोलणे युरोपपुरते किंवा अठराव्या शतकापुरते नाही. १९३४मध्ये बिहारात मोठा भूकंप झाला, तेव्हा ती अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे असे खुद्द गांधीजी म्हणाले होते, आणि रवींद्रनाथांना त्यांना जाहीरपणे विरोध करावा लागला होता. १९९३मध्ये गणेशविसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे किल्लारी आणि आसपासची गावे जमीनदोस्त झाली, तेव्हाही पापपुण्याची चर्चा मी माझ्या कानांनी ऐकली आहे. दुःख फार मोठे झाले की माणसाला त्याला एक कर्ता हवा असतो. नुसते कारण पुरत नाही.

मिचेल तर धर्मोपदेशकच. कोप हा शब्द त्याच्या धंद्यातला. पण १७६०मध्ये, म्हणजे आपल्याकडे पानिपत व्हायच्या आदल्या वर्षी, त्याने रॉयल सोसायटीपुढे भूकंपावर जो प्रबंध मांडला, त्यात त्याने पाप कोणाचे हे विचारले नाही. त्याने विचारले ते अगदी साधे: धक्का कोणत्या गावी किती वाजता बसला? कोणत्या दिशेने आला? आधी आवाज झाला की आधी जमीन हलली? समुद्राचे पाणी कोठे केव्हा चढले? लोकांनी लिहून ठेवलेल्या हकिकती त्याने शेजारी शेजारी मांडल्या. वेळांतला फरक आणि गावांतले अंतर यांवरून त्याने हिशेब केला, की हा हादरा मिनिटाला वीस मैलांहून अधिक वेगाने पसरला. आमची लोकल बोईसरहून पालघरला जायला जवळजवळ पाव तास घेते. मिचेलच्या हिशेबाने धक्का अर्ध्या मिनिटाच्या आत पोचेल. खरा वेग याच्याही कितीतरी पट असतो, हे आज आपल्याला ठाऊक आहे. पण भूकंपालाही वेग असतो, तो एके ठिकाणी निघतो आणि दुसऱ्या ठिकाणी पोचतो, आणि त्या पोचण्याच्या वेळांवरून उलट चालत गेले तर निघाल्याचे ठिकाण सापडते, ही गोष्ट महत्त्वाची. आजही भूकंपाचे केंद्र शोधतात ते मुळात याच वाटेने. लिस्बनच्या भूकंपाचे उगमस्थान शहराखाली नसून समुद्राखाली आहे, हे त्याने असे बसल्या जागी काढले.

आणि जमीन हलते कशी, हे समजावून सांगताना त्याने दाखला दिला तो घरातला. जमिनीवर एक मोठी सतरंजी पसरा. तिचे एक टोक उचला आणि झटकन खाली आणा. खाली कोंडलेली हवा पुढे पळेल आणि सतरंजी लाटेसारखी उचलली जात पलीकडच्या टोकाला पोचेल. पृथ्वीचे थर एकावर एक अंथरलेले आहेत. त्यांतून भूकंप असाच पळतो.

हे वाचले आणि मी पुस्तक मिटून बसलो. दर दिवाळीला माझ्या बोटांना बसणारा हिसका अडीचशे वर्षांपूर्वी कोणीतरी पकडून ठेवला होता.

मिचेल सगळेच बरोबर बोलला असे मात्र नाही. लाट त्याला दिसली, पण ती उठवणारा हात त्याला दिसला नाही. जमिनीच्या पोटात आगी धुमसत असतात, त्यांवर पाणी पडले की एकदम वाफ होते, आणि कुकरचे झाकण उडावे तशी ती वाफ थर उचलते, अशी त्याची समजूत होती. खडक ताणले जातात आणि भेगेवरून सरकतात, हे कळायला आणखी दीड शतक जावे लागले. गंमत अशी की पाणी मात्र पुन्हा चर्चेत आले आहे. ११ डिसेंबर १९६७च्या कोयनेच्या भूकंपापासून धरणाच्या पाण्याचा आणि धक्क्यांचा संबंध जगभर अभ्यासला जातो आहे. आणि आमच्या पालघरच्या धक्क्यांबाबतही, पावसाचे पाणी खडकांच्या फटींतून खोल उतरून ते सैल करीत असावे, अशी शक्यता अभ्यासकांनी मांडली आहे. कारण चुकले म्हणून मिचेलचे बाकीचे काम वाया गेले नाही. नोंदी खऱ्या होत्या, म्हणून चुकलेले कारण मागाहून दुरुस्त करता आले. नोंदीच खोट्या असत्या, नुसता विक्राळ जबडा असता, तर दुरुस्त काय करायचे?

येथे मला ते लाल शाईचे चार गुण आठवले.

आवाज कोणत्या दिशेने आला, आधी काय हलले, रात्रीत किती वेळा, केव्हा केव्हा, लहान की मोठा: मिचेल ज्या हकिकतींसाठी जुनी पत्रे उलथीपालथी घालीत बसला होता, ती त्या मुलीने एका पानावर विनासायास लिहून दिली होती. मी तिला विचारले होते, भावना कोठे आहे! जिच्या घराला तडे गेले होते, जी थंडीच्या दिवसांत उघड्यावर झोपून सकाळी वर्गात येत होती, तिने भीतीला बाजूला बसवून पाहिले होते. भावना त्या बाजूला बसवण्यात होती. ती ओळखायला प्राध्यापक कमी पडला.

मिचेलच्या पुढच्या आयुष्यात मला त्या मुलीसारखेच काहीतरी दिसू लागले. भूकंपावरच्या कामानंतर तो रॉयल सोसायटीचा सभासद झाला, १७६२मध्ये केंब्रिजला भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक झाला. १७६४मध्ये त्याने लग्न केले आणि ती जागा सोडली. वर्षभरातच पत्नी वारली. १७६७मध्ये तो यॉर्कशरमधल्या थॉर्नहिल या गावी उपाध्याय म्हणून गेला आणि १७९३मध्ये मरेपर्यंत, सव्वीस वर्षे, तेथेच राहिला. बारसे, लग्ने, अंत्यविधी, रविवारचे प्रवचन; आणि उरलेल्या वेळात आकाश आणि पृथ्वी. स्वतःच्या हाताने आरसे घासून त्याने मोठी दुर्बीण केली. थॉर्नहिलला गेला त्याच वर्षी त्याचा ताऱ्यांवरचा प्रबंध प्रसिद्ध झाला. त्यात त्याने गणिताने दाखवले, की कृत्तिकांचे तारे केवळ योगायोगाने एवढे जवळ दिसण्याचा संभव पाच लाखांत एक. तेव्हा ते खरोखरच एकमेकांच्या सोबतीने बांधलेले असले पाहिजेत.

१७८३मध्ये त्याने आपला मित्र हेन्री कॅव्हेंडिश याला एक लांबलचक पत्र लिहिले. त्यात एक विलक्षण विचार होता. सूर्याइतक्याच घनतेचा पण पाचशे पट व्यासाचा एखादा तारा असेल, तर त्याची ओढ एवढी जबर असेल की त्याचा प्रकाशही त्याच्यापासून सुटून जाऊ शकणार नाही. तो तारा दिसणार नाही. मग तो आहे हे ओळखायचे कसे? मिचेल म्हणतो, त्याच्याभोवती फिरणारा एखादा दिसणारा तारा असेल. त्याच्या चालीवरून ओळखा. पुढे आइन्स्टाइनच्या गणितातून आलेले कृष्णविवर वेगळे, हे खरे. पण आपल्या आकाशगंगेच्या मध्याशी असलेला अदृश्य, प्रचंड वस्तुभार शोधला गेला तो भोवतीच्या ताऱ्यांच्या चालीवरूनच, आणि त्याबद्दल २०२०मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. मिचेलचे पत्र मात्र जवळजवळ दोन शतके कोणाच्या ध्यानात नव्हते.

शेवटी त्याने पृथ्वी तोलायला घेतली. एक आडवी काठी बारीक तारेने टांगायची, टोकांना शिशाचे गोळे लावायचे, शेजारी मोठे गोळे आणायचे, आणि त्यांच्या ओढीने तार किती पिळते ते मोजायचे. उपकरण तयार झाले, पण प्रयोग करण्याआधीच तो वारला. ते हातोहाती कॅव्हेंडिशकडे गेले. त्याने ते नव्याने बांधून १७९८मध्ये पृथ्वीची घनता पाण्याच्या ५.४८ पट आहे असे जाहीर केले. आजचा आकडा ५.५१. कॅव्हेंडिशने कल्पना मिचेलची असल्याचे पहिल्याच परिच्छेदात प्रामाणिकपणे सांगितले. तरी शाळेच्या पुस्तकात तो कॅव्हेंडिशचाच प्रयोग. मिचेलचे नाव सोडाच, त्याचे एक चित्रसुद्धा उरलेले नाही.

हे सगळे मी लोकलमध्ये स्नेह्यांना ऐकवले, तेव्हा ते हसून म्हणाले, "तुमच्या पाद्र्याचे दोन्ही उद्योग आता महाराष्ट्रात एका जागी येणार आहेत." एप्रिल २०२३मध्ये केंद्र सरकारने मंजूर केलेली लायगो-इंडिया ही वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ व्हायची आहे. दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली की अवकाशात जी लाट उठते, ती टिपण्यासाठी. अमेरिकेत ती प्रथम १४ सप्टेंबर २०१५ रोजी टिपली गेली. त्या यंत्रातले आरसे बारीक धाग्यांवर टांगलेले असतात, आणि जमिनीचा बारीकसा कंपही त्यांच्यापर्यंत पोचू नये म्हणून केवढा खटाटोप करावा लागतो! टांगलेले वजन, अदृश्य तारा आणि जमिनीची थरथर. थॉर्नहिलच्या उपाध्यायाचे सारे बिऱ्हाड नागनाथाच्या शेजारी.

त्या मुलीला मी वर्ष संपायच्या आत गाठले. वर्गाबाहेर थांबवून म्हणालो, "तुझी निबंधाची वही जरा आण. मला शेरा बदलायचा आहे." ती गोंधळली. म्हणाली, "सर, वही राहिली नाही. तंबूत पाणी शिरलं, तेव्हा भिजली."

मी काय बोलावे हे मला सुचेना. एक चुकीचा शेरा खोडायचा हक्कसुद्धा माझ्या हातून गेला होता. मग मी तिला मिचेलची गोष्ट सांगितली, जिन्यात उभ्याउभ्याच. तिने सगळी ऐकून घेतली आणि विचारले, "त्याला ती पत्रं कुणी लिहिली होती, सर? त्यांची नावं आहेत का?"

माझ्या कधी डोक्यातही न आलेला प्रश्न! मी मिचेलच्या नावासाठी हळहळत होतो. ती त्याच्याही मागे, घड्याळात वेळ पाहून ती लिहून ठेवणाऱ्या माणसांपर्यंत जाऊन पोचली होती. मेढीवर रेघ ओढणाऱ्या आजीची नात ती. तिला तेच सुचणार.

"आजीच्या रेघा आहेत अजून?" मी विचारले.

"आहेत की. मेढ कुठं जाते!" ती हसली.

तेव्हापासून मी दर वर्षी तोच निबंध देतो. विक्राळ जबडे अजूनही येतात, आणि मी त्यांना पाच गुण देतो. सवय एकदम जात नाही, त्यांची आणि माझीही. पण एखाद्या वहीत आधी काय हलले आणि मग काय, हे कोणी नीट लिहिलेले दिसले, की लाल पेन खाली ठेवून मी ते दोनदा वाचतो.

"अहो, लक्ष कुठं आहे? टोक सुटतंय!" पलीकडून आवाज येतो. मी बोटे घट्ट करतो. सतरंजी वर जाते, खाली येते, आणि लाट माझ्याकडे धावत सुटते.